चढण नव्हे, उतरण बघा : पहिल्या ट्रेकला निघणाऱ्यांचे प्रश्न

पावसाळा सरला की या सदराकडे ट्रेकिंगच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदा बहुतेक पत्रं अशांची आहेत ज्यांनी अजून एकही किल्ला पायी चढलेला नाही. एकाच अर्थाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय ३४, काम दिवसभर बसून. मित्रांनी हरिश्चंद्रगडाचा बेत ठरवलाय, तोही नळीच्या वाटेनं. ‘चालायचंच तर आहे’ असं त्यांचं म्हणणं. मी आजवर पर्वतीपलीकडे काही चढलो नाही. जाऊ का? — वाचक, पुणे

नळीच्या वाटेनं नको. ती वाट खाली बेलपाड्यातून निघते आणि मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेल्या घळीतून हजारेक मीटर चढते. मध्ये कातळटप्पे आहेत, तिथे दोर लागतो. ‘चालायचंच तर आहे’ हे वाक्य तिथे पहिल्या तासातच मागे पडतं. हरिश्चंद्रगडच बघायचा असेल तर पाचनईची वाट आहे, पण तीसुद्धा पहिली नको, चौथी-पाचवी असू द्या.

किल्ला फोटो बघून निवडू नका, आकडे बघून निवडा. दोन आकडे लागतात : अंतर आणि चढाईची उंची. किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची इथे कामाची नाही. पायथ्याच्या गावापासून माथा किती वर आहे ते बघायचं. स्कॉटलंडचा गिर्यारोहक नाइस्मिथ यानं १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही चालतो : दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. आतकरवाडीतून सिंहगड धरा. साधारण ३ किलोमीटर आणि ६०० मीटरच्या आसपास चढ, म्हणजे ३६ मिनिटं अधिक १ तास. हा हिशोब चालायची सवय असलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा. नवख्यानं त्यात निम्मा वेळ वाढवावा, म्हणजे सव्वादोन ते अडीच तास. उतरायला चढाईइतकाच वेळ धरा. ‘उतरताना काय, पटकन येतो’ या हिशोबामुळेच लोक अंधारात अडकतात.

आमच्या मते क्रम असा असावा. आधी मळवली स्टेशनवरून लोहगड. वाट रुंद आहे, पायऱ्या बांधीव आहेत, आणि दमलात तर गावात चहा मिळतो. मग आतकरवाडीतून सिंहगड, कारण तिथे चढ सलग आहे आणि तुमचा खरा वेग कळतो. मग पाली दरवाजानं राजगड. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट जास्त उभी आहे, ती पुढच्या खेपेला. त्यानंतर बारीहून कळसूबाई : माथा १६४६ मीटर, चढ ८०० मीटरच्या वर. शिड्यांचं तिथे फार कौतुक होतं, पण शनिवार-रविवारी त्रास होतो तो शिड्यांखालच्या रांगेचा. आठवड्यातल्या मधल्या वारी जाता आलं तर बघा.

प्रश्न : धावायचे बूट चालतील का? दुकानदार घोट्यावर येणारे महागडे बूट घ्या म्हणतो. — वाचक, नाशिक

लोहगड-सिंहगडाला धावायचे बूट चालतात, फक्त तळवा झिजलेला नको. पुढे मात्र बूट हवा, आणि त्यात पाहायचा तो तळव्याचा रबर, घोट्याची उंची नव्हे. रबर नखानं दाबला तर किंचित दबला पाहिजे. टणक, प्लॅस्टिकसारखा तळवा मातीवर चालून जातो, पण ओल्या कातळावर सटकतो. खाचा ४-५ मिलिमीटर खोल असाव्यात, म्हणजे मुरूम त्यात धरला जातो.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून बघा. नाडी न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट सहज जायला हवं. ही जागा नसेल तर उतारावर अंगठे पुढे आपटत राहतात आणि घरी आल्यावर नखं काळी पडलेली दिसतात. नखं दोन दिवस आधी कापा. उतरायला लागण्यापूर्वी नाडी सोडून पुन्हा बांधा : टाच मागे टेकवायची आणि घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांत आवळायचं, बोटांकडची बाजू सैल ठेवायची.

आता ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही ते. कपाटात तीन-चार वर्षं पडून असलेला बूट वरून नवाकोरा दिसतो आणि अर्ध्या वाटेत त्याचा तळवा निघून हातात येतो. मधल्या थरातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानं आतून विरघळत जातं. मुंबई-कोकणाच्या हवेत तर लवकरच. म्हणून जुना बूट आधी घराजवळ दोन दिवस घालून फिरवा आणि तळवा अंगठ्यानं वाकवून बघा. भुगा पडला तर तो बूट ट्रेकचा राहिला नाही. सॅकमधल्या बाटलीभोवती दोनेक मीटर डक्ट टेप गुंडाळून ठेवा. तळवा सुटलाच तर तीच टेप बुटाभोवती गुंडाळून गावापर्यंत येता येतं.

मोजे सुती नकोत. घामानं भिजलेलं सूत कातडीला घासतं आणि फोड येतात. एखादी जागा गरम लागायला लागली की त्याच मिनिटाला थांबा, कोरडी करा, चिकटपट्टी लावा. पुढच्या टप्प्यावर बघू म्हणाल तर तोवर फोड आलेला असतो.

प्रश्न : वय ४६. चढताना दम लागतो पण चढते. उतरताना मात्र गुडघे बोलायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ट्रेकिंग सोडावं का? — गृहिणी, ठाणे

सोडू नका, पण गुडघा आधी डॉक्टरांना दाखवा. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल तर पुढचं सगळं नंतर. तसं काही नसेल तर कारण सरळ आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो. रोजच्या चालण्यात त्याला या कामाची सवय नसते. तो दमला की धक्के सांध्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशीची मांड्यांची दुखणीही त्यातूनच येते. दमसास वाढवून हे सुटत नाही. उतरायचाच सराव लागतो.

जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसरा पाय पुढे अधांतरी. मनात चार आकडे मोजत उभा पाय हळू वाकवा, दुसऱ्याची टाच खालच्या पायरीला नुसती टेकवा आणि वर या. गुडघा आत झुकू द्यायचा नाही, तो पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे. कठड्याला हात असू द्या. प्रत्येक पायाला १० वेळा, अशा ३ फेऱ्या, दिवसाआड, सहा आठवडे. सोबतीला इमारतीचा जिना आहेच. एक मजला ३ मीटरचा धरला तर सिंहगडाची चढाई २०० मजल्यांची होते. दहा मजले सहा वेळा चढणं-उतरणं, एवढं जमायला लागलं की पहिला किल्ला अवघड जात नाही. लिफ्टनं उतरलात तर अर्धा सराव बुडाला.

प्रत्यक्ष डोंगरावर पावलं लहान ठेवा आणि गुडघे किंचित वाकलेले. घसाऱ्यावर, म्हणजे मुरूम आणि बारीक खडी सुटलेल्या उतारावर, नवखा माणूस भीतीनं मागे रेलतो. मागे रेललं की वजन टाचेच्या कडेवर जातं, तळव्याचा बहुतेक रबर जमिनीवरून उचलला जातो आणि पाय पुढे निसटतो. अंग थोडं पुढे, नाक बुटाच्या टोकांवर येईल इतकं, आणि पूर्ण तळवा टेकवायचा. उभ्या कातळावर उलट वागायचं : तोंड कातळाकडे करून शिडी उतरतो तसं उतरा, दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, हलवायचा एकच. बसून घसरत येऊ नका, पाय कुठे टेकतोय ते दिसत नाही आणि सॅक मागे अडकून ढकलते.

काठी घ्याच, जमलं तर दोन. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, उतारावर त्याहून ५ ते १० सेंटिमीटर जास्त. हात पट्ट्यात खालून वर घाला, म्हणजे भार मनगटावर पडतो आणि मूठ आवळावी लागत नाही. कातळटप्पा आला की मात्र काठ्या सॅकला लावा, हात मोकळे हवेत.

प्रश्न : मी भरपूर पाणी पितो तरी पोटऱ्यांत गोळे येतात. — वाचक, डोंबिवली

पाणी भरपूर, पण मीठ? घामातून दोन्ही जातं. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. डोकं दुखणं, मळमळ ही त्याचीच लक्षणं, आणि पाणी वाढवलं की ती वाढतात. पाणी पोटभर पिऊनही बरं वाटत नसेल तर पाणी थांबवून खारं काहीतरी खा.

दिवसभराच्या ट्रेकला थंडीत माणशी ३ लिटर, मार्चनंतर ४. त्यातल्या एका लिटरात ओआरएसचं मोठं, एका लिटरचं पाकीट पूर्ण घाला. अर्धं पाकीट एका बाटलीत, अर्धं उद्याला, असं करू नका, प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खोक्यातली फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार आणि मीठ नावाला. गोळा आलाच तर पाय सरळ करून पाऊल स्वतःकडे ओढा आणि तसंच धरून ठेवा, रगडू नका.

खाणं दर तासाला मूठभर. भडंग, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या. यांना तोड नाही. बिस्किटांचे पुडे आणि चिप्सची पाकिटं सॅकमध्ये उगाच जागा खातात. किल्ल्यावरच्या टाक्यांचं पाणी आधी कापडातून गाळा, मग उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. मार्चनंतर टाकं भरलेलं असेल हे गृहीत धरू नका. पायथ्याच्या गावात विचारून निघा.

प्रश्न : वाट चुकलो तर काय करायचं? ओढ्याच्या कडेनं खाली गेलं की गाव लागतं असं ऐकलंय. — महाविद्यालयीन विद्यार्थी, अहिल्यानगर

ऐकलेलं विसरा. सह्याद्रीत ते जिवावर बेतू शकतं. आपला डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. त्यामुळे उतार एकसारखा जात नाही : थोडा उतार, मग सपाटी, मग कडा, पुन्हा उतार. ओढा या कड्यावरून सरळ खाली पडतो. त्याच्या पात्रातून उतरत गेलात की केव्हा ना केव्हा कड्याच्या तोंडाशी येता, आणि आलेला कातळ परत चढणं उतरण्याहून अवघड निघालं की मध्येच अडकता. बचावपथकांना बोलवावं लागतं ते पुष्कळदा याचसाठी.

चुकायला लावतात ढोरवाटा. गुरं चरत जाताना पाडलेल्या वाटा हुबेहूब माणसांच्या वाटेसारख्या दिसतात, पण त्यांना कुठे पोचायचं नसतं. त्या झाडीत फुटतात, पुन्हा मिळतात, कुठेतरी विरतात. ओळखायची खूण : माणसांची वाट मळलेली असते, कातळावर तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेली, फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळ्या. ढोरवाटेवर कमरेच्या वर कारवीची झुडपं तोंडावर येतात. पाच मिनिटं वाकून चालावं लागलं तर तुम्ही वाटेवर नाही.

शंका आली की पुढे जाऊ नका. जिथे वाट नक्की होती त्या शेवटच्या जागेपर्यंत माघारी या, सगळ्यांनी मिळून. ‘मी पुढे जाऊन बघतो’ म्हणून एकाला सोडलं की शोधायच्या दोन टोळ्या होतात. मोबाइलमध्ये घरूनच नकाशा उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, आणि फोन फ्लाइट मोडवर टाकला की बॅटरी दिवसभर पुरते. रेंज डोंगराच्या धारेवर मिळते, घळीत नाही. ११२ ला फोन लावा. बोलणं तुटत असेल तर आपले अक्षांश-रेखांश लिहून घरच्या माणसाला एसएमएस पाठवा, तो कमी रेंजमध्येही जातो. अंधार पडला तर सपाट जागा बघून थांबा. शिट्टी किंवा टॉर्चचा इशारा मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

आणि परतीची वेळ निघतानाच ठरवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उतरायला अडीच तास आणि हाताशी एक तास शिल्लक धरला तर अडीच वाजता, माथा दहा मिनिटांवर राहिला असला तरी, मागे वळायचं. हेडटॉर्च मात्र सकाळच्या ट्रेकलाही सॅकमध्ये हवी.

प्रश्न : पहिल्यांदाच गडावर मुक्काम करणार. सॅक किती मोठी, आणि भरायची कशी? — वाचक, सांगली

मुक्कामाला परवानगी आहे का ते आधी विचारा. काही गडांवर पुरातत्त्व खात्याचे आणि अभयारण्यात वनखात्याचे निर्बंध आहेत. पायथ्याच्या गावात घराच्या ओसरीवर झोपून पहाटे चढणं हा पहिल्या वेळी उत्तम पर्याय आहे. जेवण गरम मिळतं आणि पैसे गावात राहतात.

वर राहणार असाल तर ४५ ते ५५ लिटरची सॅक. ६० लिटरची घेतली की ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. हिशोब असा : रिकामी सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग १.२, कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची) ०.३, पाणी ३, कपडे १, खाणं १, तंबूतला तुमचा वाटा १.२, शेगडी आणि भांडं ०.५, बाकी बारीकसारीक ०.७. झाले १०.४ किलो. साठ किलोच्या माणसाला १२ ची मर्यादा, म्हणजे फारशी जागा उरली नाही हे दिसलंच.

स्लीपिंग बॅग तळाशी. जड ते, म्हणजे पाणी, शिधा, शेगडी, पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे ओढते आणि दिवसभर तुम्ही पुढे वाकून चालता. पट्टे बांधायचा क्रम ठरलेला आहे : आधी कमरेचा पट्टा, पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडावर, घट्ट, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे दोन छोटे, शेवटी छातीचा. भार कमरेवर आला की नाही ते कळायला खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा, सहज गेली पाहिजेत. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूनं पाणी आत येतंच. आतून एक जाड मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावा आणि सगळं तिच्यात भरा.

कॅरीमॅट टाळू नका. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये हवा राहत नाही, त्यामुळे खालून गारठा थेट पोचतो. शेगडी तंबूत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिचडीला माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, अर्धा लिटर पाणी. हळद, मीठ, मसाला घरूनच मिसळून न्या. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवली की गॅस वाचतो.

प्रश्न : मुलींनी शौचाचं आणि पाळीचं काय करायचं? ग्रुपमध्ये विचारायला संकोच वाटतो. — विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

संकोचापायी पाणी कमी पिणं हीच यातली मोठी चूक. त्यानं मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि उन्हाचा त्रासही. निघण्यापूर्वी लीडरला विचारा, सोबत दुसरी मुलगी किंवा बाई असणार का. उत्तर टाळाटाळीचं आलं तर तो ग्रुप सोडा. शौचासाठी वाटेपासून, टाक्यापासून आणि ओढ्यापासून किमान ६० मीटर दूर जा, १५-२० सेंटिमीटर खड्डा करा, वर माती लोटा. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत घालून परत आणायचं, पुरू नका, जनावरं उकरतात. कोणीतरी सोबत हवं, पण हाकेच्या अंतरावर. कड्याच्या कडेला एकट्यानं आडोसा शोधणं नको.

प्रश्न : मधमाश्या आणि साप, दोन्हींची भीती वाटते. — वाचक, रत्नागिरी

सापापेक्षा आग्या मोहोळाची भीती बाळगा. कड्यावर, बुरुजाखाली, लेण्यांच्या तोंडाशी ती पोळी असतात. धूर, अत्तर, डिओ आणि आरडाओरडा यांनी त्या उठतात. गडावर शेकोटी पेटवण्याआधी मान वर करून बघा. माश्या उठल्याच तर हातांनी मारू नका. चिरडलेल्या माशीतून जो वास सुटतो त्यानं बाकीच्या चवताळतात. तोंड-मान झाकून तिथून लांब पळा, पण कडा कुठे आहे ते बघून. काटा दिसला की लगेच नखानं खरवडून काढा, तो कातडीत असेपर्यंत विष आत सोडत राहतो. श्वास लागला, ओठ-घसा सुजला किंवा डंख पुष्कळ असतील तर थेट रुग्णालय.

साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काही नको. अंगठी-कडं काढा, चावलेला अवयव लाकडाच्या आधारानं स्थिर करा, त्या माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं.

प्रश्न : दोन-चार किल्ले झाले की मे महिन्यात हिमालयात जाता येईल का? — वाचक, नागपूर

जाता येईल, पायांचा प्रश्न नाही. प्रश्न उंचीचा आहे, आणि त्याची तयारी सह्याद्रीत होत नाही. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच माथाच १६४६ मीटरचा. हिमालयात ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायच्या जागेची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावं. आयोजकाचा दिवसवार आराखडा मागून हे आकडे ताडून बघा. डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा जेवण नको वाटणं यांतलं काही आलं तर आणखी वर जायचं नाही. वाढलं तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी स्वतःच्या मनानं सुरू करू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा. एप्रिलपर्यंत पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन सलग दोन दिवस चालण्याचा एखादा ट्रेक, राजगड-तोरणासारखा, जाणकारांसोबत करून ठेवा.